डोव्हरचा खटला: दोन्ही बाजूंना श्रद्धाळूच

१८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावच्या शाळेत एक विचित्र प्रकार झाला. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला शाळेचे प्रशासकीय अधिकारी वर्गात शिरले, एक निवेदन वाचून दाखवलं आणि निघून गेले. वाचायला जेमतेम एक मिनिट लागत होतं. डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नव्हे, त्यात त्रुटी आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' (जीवसृष्टी कुणा बुद्धिमान शक्तीने आखून घडवली, हा दावा) हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे आणि कुणाला त्यात रस असेल तर 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत उपलब्ध आहे, असा त्याचा मथितार्थ. अधिकाऱ्यांना स्वतः यावं लागलं, कारण विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला होता. विद्यार्थ्यांसमोर विषयाची जाणूनबुजून दिशाभूल करायची नाही, असं राज्याची शिक्षकांसाठीची आचारसंहिता सांगते, आणि शिक्षकांनी लेखी पत्रात तिचाच आधार घेतला होता.

त्याआधी महिनाभर, १४ डिसेंबर २००४ ला, ११ पालक कोर्टात गेले होते. 'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाने तो खटला गाजला. धर्म विरुद्ध विज्ञान या भांडणाचा नमुना म्हणून त्याचा दाखला सर्रास दिला जातो. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. विज्ञानाच्या बाजूने उभा राहिलेला पहिला साक्षीदार नेमाने चर्चला जाणारा कॅथलिक होता. त्याच बाजूने एक कॅथलिक धर्मशास्त्राचा प्राध्यापकही बोलला. आणि विरुद्ध बाजूचा मुख्य साक्षीदार, तोही कॅथलिकच. उत्क्रांती मानून देव मानता येतो का, या प्रश्नावर तीन कॅथलिक माणसं शपथेवर बोलली आणि त्यांची उत्तरं जुळली नाहीत. नास्तिकांना या प्रकरणात फारसं कामच नव्हतं.

मंडळात काय शिजलं

डोव्हरच्या शाळा मंडळात नऊ सदस्य होते, लोकांनी निवडून दिलेले. त्यातले दोघे पुढे होते. ॲलन बॉन्सेल यांना दोन वर्षांपासून बायबलमधली सृष्टीनिर्मिती शाळेत यावी असं वाटत होतं. अभ्यासक्रम समितीचे प्रमुख विल्यम बकिंगहॅम हे निवृत्त पोलीस. जून २००४ मध्ये जीवशास्त्राचं नवं पाठ्यपुस्तक मंजुरीला आलं, तेव्हा ते पानोपान डार्विनने भरलंय म्हणून त्यांनी अडवून धरलं. त्याच महिन्याच्या बैठकीत, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासाठी क्रुसावर मेला, त्याच्यासाठी कुणी उभं राहणार की नाही, अशा अर्थाचं त्यांनी सुनावल्याचं स्थानिक वार्ताहरांनी छापलं.

१८ ऑक्टोबरला इंटेलिजंट डिझाइनचा ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. विरोधात मत दिलेल्या एका सदस्य बाईंनी राजीनामा देताना सांगितलं, की गेल्या वर्षभरात मला दोनदा विचारण्यात आलं, तुम्ही 'बॉर्न अगेन' आहात का? म्हणजे तुमचा ख्रिस्तात पुनर्जन्म झालाय का. मंडळातल्या सहकाऱ्याला हे विचारायचा कुणालाही अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्या प्रकरणाची नस मला इथे सापडते. नववीच्या पुस्तकातला एक धडा हे निमित्त होतं. त्याच्या आडून गावातले कोण खरे श्रद्धाळू आणि कोण नुसते नावाचे, याची छाननी चालू झाली होती. वादी पालकांपैकी एक जण सुट्टीत मुलांना बायबल शिकवायचे, पण तेही बघताबघता देवाचे शत्रू ठरले.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कुठल्याही धर्माची पाठराखण करू देत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा एक कायदा याच आधारावर रद्द केला होता. उत्क्रांती शिकवायची तर सोबत निर्मितीवादही, म्हणजे देवाने जीवसृष्टी थेट निर्माण केली हे मतही, शिकवायला हवा, असं तो कायदा म्हणत होता. त्यामुळे डोव्हरचा प्रश्न एवढाच उरला, की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान आहे की निर्मितीवादानेच नवे कपडे घातलेत.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

सुनावणी २६ सप्टेंबर २००५ ला हॅरिसबर्गच्या केंद्रीय न्यायालयात सुरू झाली. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, लुथरन पंथाचे आणि २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी नेमलेले. मंडळाच्या समर्थकांना वाटलं, माणूस आपलाच आहे.

पालकांचे पहिले साक्षीदार होते ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर. बकिंगहॅम यांनी अडवलेल्या पाठ्यपुस्तकाचे हेच एक लेखक. त्यांनी दिलेला एक पुरावा इतका स्वच्छ आहे की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? ती नुसती हरवली म्हणावं तर असा जीव जगणंच अवघड. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेली असणार, आणि तसं असेल तर जोड दिसायला हवा. गुणसूत्राच्या टोकांना डीएनएची एक ठरावीक पुनरावृत्ती असते. माणसाच्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्रात ती पुनरावृत्ती मधोमध सापडते. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू असतो, तिथे याच्यात दुसऱ्याचे निकामी अवशेषही आहेत. हा जोड नसताच, तर एकाच पूर्वजाची गोष्ट अडचणीत आली असती. सिद्धांत स्वतःहून अशी मान पुढे करतो, तेव्हा त्याला विज्ञान म्हणतात. मिलर यांनी हे सांगितलं आणि आपण श्रद्धाळू कॅथलिक आहोत हेही सांगितलं. ते सांगताना त्यांना कसलीच अडचण वाटली नाही.

जॉर्जटाउन विद्यापीठाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट यांची साक्ष मला सगळ्यात मोलाची वाटते. चुलीवर किटलीतलं पाणी उकळतंय. का उकळतंय? पाण्याचे रेणू वेगाने हलतायत म्हणून. खालचा गॅस पेटवलाय म्हणून. मला चहा प्यायचाय म्हणून. तिन्ही उत्तरं खरी आहेत आणि एक दुसऱ्याच्या आड येत नाही. पण रेणूंची हालचाल तपासताना मध्येच 'इथे चहाची इच्छा सापडली' असं कुणी म्हणू लागला, तर त्याने दोन पातळ्यांची सरमिसळ केली. हॉट यांच्या मते इंटेलिजंट डिझाइन नेमकं हेच करतं. विज्ञानाचं उत्तर जिथे अपुरं वाटतं तिथे देवाला आणून बसवतं. त्यांचा आक्षेप वैज्ञानिकाचा नव्हता, धर्मशास्त्रज्ञाचा होता. असा देव इतर कारणांसारखंच आणखी एक कारण होऊन बसतो, म्हणजे त्याला लहान केल्यासारखंच आहे.

आता हा युक्तिवाद आपल्याला फार परका वाटू नये. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन अशी दशावताराची रांग लावून 'बघा, उत्क्रांती आपल्या पुराणांत आधीच होती' असं सांगणारे आपल्या घरोघरी असतात. हेतू चांगला असतो, धर्म आणि विज्ञान यांचं भांडण नको. पण त्यात पुराणाची किंमत जीवशास्त्राच्या पुस्तकाच्या दाखल्यावर ठरायला लागते. शिवाय हा दाखला टिकतही नाही. वराहाचा नृसिंह होत नाही, प्रत्येक अवतार देव वेगळा घेतो, आणि उत्क्रांतीचा गाभा तर वंशावळीचा आहे. हॉट यांची साक्ष या आपल्या मंडळींनाही तितकीच लागू पडते.

मंडळाची बाजू लढवत होतं टॉमस मोर लॉ सेंटर, ख्रिस्ती श्रद्धेच्या रक्षणासाठी काढलेली वकिलांची संस्था. त्यांचा मुख्य साक्षीदार होता लीहाय विद्यापीठातला जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही. बेही यांना कोपऱ्यात ढकलून हसणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे हे त्यांना मान्य. माणूस आणि वानर यांचा पूर्वज एक, हेही मान्य. म्हणजे बकिंगहॅम यांच्या श्रद्धेला जे सलत होतं, ते जवळजवळ सगळं त्यांच्या मुख्य साक्षीदाराने आधीच मान्य केलेलं. बेही यांचा मुद्दा एवढाच, की जीवाणूची कशाभिका, म्हणजे पाण्यात पुढे जाण्यासाठी मोटारीसारखी फिरणारी त्याची शेपटी, हिचा एकही भाग काढला तर ती चालत नाही. अशी यंत्रणा पायरीपायरीने तयार होऊच शकत नाही, तेव्हा कुणीतरी ती आखली असणार.

मिलर यांनी याला आधीच उत्तर दिलं होतं. कशाभिकेतले बरेच भाग काढले तर जे उरतं, ते बिनकामाचं नसतं. काही जीवाणू त्यासारखीच यंत्रणा दुसऱ्या पेशीत विष टोचायला वापरतात. उलटतपासणीत बेही आणखी अडकले. विज्ञानाची त्यांची व्याख्या इतकी सैल होती, की त्या व्याख्येत ज्योतिषही बसेल का असं वकिलाने विचारल्यावर त्यांना हो म्हणावं लागलं. (आपल्याला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला.) रोगप्रतिकार यंत्रणा कशी उत्क्रांत झाली यावर विज्ञानाकडे उत्तर नाही, असं बेही म्हणत होते. वकिलाने त्यांच्यासमोर ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि काही पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं असा ढीग रचला. एवढं पुरेसं नाही, असं बेही म्हणाले. त्यांच्या आणखी एका कबुलीवर न्यायाधीशांनी नंतर बोट ठेवलं. इंटेलिजंट डिझाइनचा युक्तिवाद कितपत पटेल, हे ऐकणारा देव कितपत मानतो यावर अवलंबून आहे, असं बेही यांचंच म्हणणं होतं. आधी श्रद्धा असेल तर पटणारा पुरावा कोर्टात काय कामाचा?

खरा घाव मात्र कागदपत्रांनी घातला. 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचे जुने मसुदे प्रकाशकाकडून मागवण्यात आले होते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते एकापुढे एक ठेवले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जिथे जिथे निर्मिती आणि निर्मितीवादी हे शब्द होते, तिथे निकालानंतरच्या मसुद्यांत डिझाइन आले होते, सुमारे दीडशे ठिकाणी. व्याख्या जशीच्या तशी, फक्त नाव बदललेलं. एका ठिकाणी तर बदलणाऱ्याचा हात घसरला होता. 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' घालताना जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहिलं आणि 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स' असा अगम्य प्राणी पानावर उतरला. जीवांच्या दोन जातींमधला दुवा दाखवा असं म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात दुवा सापडला, यावर तेव्हा जीवशास्त्रज्ञ खूप हसले.

साडेआठशे डॉलरचा चेक

शाळेला या पुस्तकाच्या ६० प्रती देणगी म्हणून मिळाल्या होत्या. पैसे कुणी दिले, हे खटल्याआधीच्या जबानीत विचारलं तेव्हा बकिंगहॅम आणि बॉन्सेल यांनी कानावर हात ठेवले. मग चेक सापडला. बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये उभं राहून पैसे गोळा केले होते आणि ८५० डॉलरचा चेक बॉन्सेल यांच्या वडिलांच्या नावे लिहिला होता. बॉन्सेल पिंजऱ्यात असताना न्यायाधीश जोन्स यांनी जबानीचा कागद स्वतःच्या हातात घेतला आणि स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. सहसा न्यायाधीश असं करत नाहीत. बकिंगहॅम यांनी निर्मितीवाद हा शब्द आपण वापरल्याचं नाकारलं होतं, तर वकिलांनी टीव्हीवरच्या त्यांच्या मुलाखतीची फीत लावली आणि त्यात तो शब्द ठणठणीत ऐकू आला.

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, मंडळाच्या वकिलाने सहज विचारलं, की आज खटल्याचा चाळिसावा दिवस आणि आज चाळिसावी रात्र, हे आपण मुद्दाम जुळवलंत का? रोख नोहाच्या चाळीस दिवसांच्या पावसाकडे होता. योगायोग खरा, पण त्यामागे 'डिझाइन' नव्हतं, असं जोन्स म्हणाले.

२० डिसेंबरला १३९ पानांचा निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, निर्मितीवादापासून ते वेगळं काढता येत नाही आणि शाळेत ते वाचून दाखवणं घटनाबाह्य आहे, असं जोन्स यांनी लिहिलं. धर्मनिष्ठा चारचौघांत मिरवणारी माणसं आपला हेतू लपवायला पुन्हा पुन्हा खोटं बोलली, हेही त्यांनी नोंदवलं.

समेट कुणाच्या श्रद्धेशी?

निकालातलं एक विधान मला अजून खटकतं. उत्क्रांती आणि देवावरची श्रद्धा एकमेकींच्या विरोधात आहेत हे गृहीतकच साफ खोटं आहे, असं जोन्स लिहितात. मिलर आणि हॉट यांच्याबाबतीत ते खरं आहे. कॅथलिक चर्चच्या अधिकृत भूमिकेशीही ते जुळतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक आहे, असं सांगितलंच होतं. पण बकिंगहॅम यांच्या श्रद्धेचं काय? ज्याला बायबलचा उत्पत्तीग्रंथ शब्दशः खरा वाटतो, ज्याच्या लेखी आदमचं पाप ऐतिहासिक घटना नसेल तर क्रुसावरच्या बलिदानाला अर्थच उरत नाही, त्याच्या श्रद्धेशी उत्क्रांतीचा समेट होत नाही. त्याला 'तुमचा गैरसमज झालाय, विरोध नाहीच' असं सांगणं म्हणजे 'तुमची श्रद्धा सोडा आणि हॉट यांची घ्या' असं सांगणं. ते कदाचित योग्यही असेल, पण फुकट नाही. आणि न्यायाधीशाच्या अखत्यारीत तर ते नाहीच. जोन्स यांना घटनेपुरता निकाल द्यायचा होता आणि तो त्यांनी चोख दिला. हे एक वाक्य त्यांनी धर्मशास्त्रातून उसनं आणलं.

समेटाची दुसरी किंमत कोर्टात कुणी काढलीच नाही. २२ मे १८६० ला डार्विनने हार्वर्डच्या एसा ग्रे यांना पत्र लिहिलं. ग्रे वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रेस्बिटेरियन पंथाचे, आणि डार्विनचे अमेरिकेतले सगळ्यात खंदे पाठीराखे. एक परजीवी गांधीलमाशी जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालते आणि पिल्लं तिला आतून खात मोठी होतात, हे एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम आखलं असेल हे मला पटवून घेता येत नाही, असं डार्विनने त्यात लिहिलं होतं. बेही यांच्यासारख्या माणसाला हा प्रश्न चुकवता येत नाही. कशाभिका आखलेली असेल तर बाकीचंही आखलेलंच असणार. बेही प्रामाणिक आहेत, कारण खटल्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हिवतापाचा परजीवी हेतुपुरस्सर घडवलेला आहे, असं मान्य केलं. शाळा मंडळाला हा देव वर्गात हवा होता का, हे त्यांना कुणी विचारायला हवं होतं.

हॉट यांच्याकडे निदान सरळ उत्तर आहे. देवाने सृष्टी तयार करून ठेवलेली नाही, तिला घडायला मोकळीक दिली आहे, आणि घडणं अजून संपलेलं नाही. मला हे उत्तर पुरतं पटत नाही, मोकळीक देणाऱ्याला अळीचा हिशेब द्यावा लागत नाही असं नाही. पण ते हिवतापाचं श्रेय देवाला देत नाही, आणि त्याला जीवशास्त्राचा एकही धडा बदलायची गरज पडत नाही. एवढ्या दोन गोष्टींवर मी त्याला बेही यांच्या उत्तरापेक्षा वरचं मानतो.

आपल्याकडचा प्रसंग यापुढे अगदीच बाळबोध वाटतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचा निषेध केला आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना आवरलं. २०२३ मध्ये मात्र एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग अभ्यासाचा भार कमी करायच्या नावाखाली गेला. तिथे ना देवाचं नाव होतं, ना कुणी साक्षीदार.

डोव्हरमध्ये निकालाची वाटही कुणी पाहिली नव्हती. ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत मंडळाच्या नऊपैकी आठ जागांवर मतदान झालं आणि आठही जुने सदस्य पडले. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी गावाला बजावलं, की उद्या काही संकट आलं तर देवाकडे वळू नका, तुम्हीच त्याला गावाबाहेर काढलंत. नव्या मंडळाने अपील केलं नाही, पण वादींच्या वकिलांचे १०,००,०११ डॉलर गावालाच भरावे लागले. न्यायाधीश जोन्स यांना धमक्या आल्या आणि काही काळ पोलीस संरक्षणात राहावं लागलं.

अपील न झाल्यामुळे हा निकाल पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या न्यायालयीन जिल्ह्यापुरताच बंधनकारक राहिला. पुढे लुइझियानाने २००८ मध्ये आणि टेनेसीने २०१२ मध्ये नवे कायदे केले. उत्क्रांतीसारख्या विषयांची चिकित्सा करायला, त्यातल्या कमकुवत बाजू दाखवायला शिक्षकांना मुभा देणारे. त्यांत निर्मिती हा शब्द नाही आणि डिझाइनही नाही.